पोटाच्या पट्ट्याबरोबरचे तीन महिने

सर्जिकलच्या दुकानातून यांनी आणलेला पहिला पट्टा माझ्या कामाचा नव्हता. ऑपरेशनच्या आधी काय काय आणून ठेवायचं त्याची चिठ्ठी डॉक्टरांनी दिली होती आणि तिच्या शेवटच्या ओळीत ‘अॅब्डॉमिनल बाइंडर’ असं लिहिलं होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्येच राहिली. दुकानात जाऊन हे म्हणाले, "हर्नियाचा पट्टा द्या." मागितला तसा मिळाला. जांघेत दाब द्यायला दोन जाड गाद्या आणि मांड्यांमधून ओढून घ्यायच्या दोन पट्ट्या. तो जांघेतल्या हर्नियाचा पट्टा, आणि तोही ज्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी. माझा हर्निया बेंबीच्या खाली होता, आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांतून आलेला. दोन्हींना आपण हर्नियाच म्हणतो आणि दोन्हींना पट्टाच म्हणतो, त्यामुळे चूक तरी कुणाची म्हणायची! कमरेच्या दुखण्याचा पट्टा आणखी वेगळा. त्याच्या पाठीकडच्या बाजूला कडक पात्या असतात. पोटाचं ऑपरेशन होणार असेल तर दुकानात ‘पोटाच्या ऑपरेशननंतर बांधायचा पट्टा’ एवढं पूर्ण वाक्य बोलावं, नाहीतर चिठ्ठीच पुढे करावी.

ही गोष्ट जानेवारी २०२३ मधली. आम्ही तासगाव तालुक्यातले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडची आणि कर्नाटकातली माणसं तिथे उपचाराला येत आली आहेत. दवाखान्यांच्या रस्त्यांवर औषधांची आणि सर्जिकलची दुकानं ओळीनं आहेत. हातात चिठ्ठी घेऊन एका दुकानातून दुसऱ्यात जाणारी पेशंटची माणसं तिथे दिवसभर दिसतात.

२०१४ मध्ये माझी पिशवी काढली होती. गाठी मोठ्या होत्या म्हणून बेंबीखाली उभा छेद घेतला होता. वरची कातडी छान जुळून आली, पण दोनेक वर्षांनी खोकताना टाक्याच्या जागी लिंबाएवढा फुगवटा हाताला लागायला लागला. आडवं झालं की तो आत जायचा, उभं राहिलं की पुन्हा बाहेर. पोटाच्या स्नायूंवर एक मजबूत पडदा असतो. तो टाक्याच्या जागी विरला की आतली आतडी तिथून बाहेर ढकलली जातात. हे मला पुढे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तोवर लिंबाचं संत्रं झालं होतं. मुलीची बारावी, मग कोरोना, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असं करत मी सहा-सात वर्षं काढली. पदर पोटावरून कसा घ्यायचा म्हणजे फुगवटा दिसत नाही, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की फळ्यावर लिहितानासुद्धा डावा हात पोटाशीच असायचा.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मुलीनं शिलाईची टेप घेऊन माझं माप घेतलं. बेंबीवरून, टेप सगळीकडे सारख्या उंचीवर ठेवून. तिनं अगदी नीट घेतलं. नीट नव्हते ते मी. टेप पोटाला लागली मात्र, मी श्वास रोखून पोट आत ओढलं. माप आलं ३४ इंच. बदलून आणलेल्या पट्ट्याच्या खोक्यावर तक्ता छापलेला होता, ३२ ते ३६ म्हणजे मीडियम आणि ३६ ते ४० म्हणजे लार्ज. मीडियम आला.

ऑपरेशन मोठं झालं. जाळी बसवली. ही जाळी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते, आणि हळूहळू आपल्याच पेशी तिच्या विणीतून वाढून ती पक्की होते. पोटाच्या उजव्या बाजूनं एक नळी बाहेर काढलेली होती आणि तिच्या टोकाला दाबून बसवलेला डबा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आज उठून बसायचं, चार पावलं चालायचं, पट्टा बांधा." वॉर्डात त्या वेळी गडबड होती. मला कॉटच्या कडेला उभं केलं आणि एका बाजूनं यांनी, एका बाजूनं मुलीनं तो मीडियम पट्टा ओढून बांधला. ऑपरेशननंतर पोटाला सूज असते, वर ड्रेसिंगचा जाड थर, आणि मी आता पोट आत ओढू शकत नव्हते. वेल्क्रोची टोकं जेमतेम दोन बोटं एकमेकांवर आली. सगळ्यांना वाटलं, घट्ट आहे तेच बरं, टाके धरून राहतील.

त्या तीन तासांबद्दल मी नीट लिहिते, कारण तेच बऱ्याच जणींच्या वाट्याला येत असणार. आधी पाच मिनिटं बरं वाटलं. मग वरची कडा बरगड्यांखाली रुतायला लागली. श्वास छातीतल्या छातीत, अर्धाच जायचा. दोन घोट चहा घेतला तर तो गळ्याशी आल्यासारखा वाटला. मग मला खोकला आला, आणि खोकल्याबरोबर वेल्क्रो चर्रकन सुटला. पोटावरचा आधार एका क्षणात गेला आणि त्या जागी जी कळ आली, तिनं डोळ्यांसमोर अंधारी आली. पट्टा काढल्यावर डाव्या कुशीला, जिथे कडा दुमडली होती, तिथे रुपयाएवढा फोड आलेला. टाक्यांना काही झालं नव्हतं. पण त्यानंतर पट्टा म्हटलं की मी दोन्ही हात पोटावर धरून बसत होते.

मला पट्टा बांधायला शिकवला तो वॉर्डातल्या मावशींनी. दुपारी सिस्टरांनी फोडाला मलम लावलं, डॉक्टरांना फोन करून माप बदलायला सांगितलं आणि हे लार्ज आणायला गेले. मावशी चादर बदलायला आल्या होत्या. त्यांनी टेप मागवली नाही, माझ्याकडे बघूनच म्हणाल्या, "ताई, माप घेताना पोट आत घेतलं व्हतं न्हवं?" मी मान हलवली. "समद्या बायका घेत्यात," त्या म्हणाल्या आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. मुलीनं पुन्हा टेप लावली. आता मी पोट सैल सोडलं होतं. ३९ इंच आलं.

संध्याकाळी मावशींनी मला आधी कॉटवर उताणं निजवलं. गुडघे वर घ्यायला लावले, म्हणजे पोटावरचा ताण जातो. मग मला एका कुशीवर वळवून पट्ट्याची अर्धी गुंडाळी पाठीखाली सरकवली, दुसऱ्या कुशीवर वळवून ती उलगडून बाहेर काढली. पाठीच्या मधोमध शिवण आली आहे का ते हात घालून बघितलं. खालची कडा त्यांनी कमरेच्या हाडांवर घेतली, माझ्या टाक्याच्या शेवटाच्या चार बोटं खाली. नळी बाहेर येते तिथे पट्टा तिच्यावर दाबून बसू नये म्हणून तिला वळसा देऊन वर घेतली आणि डबा गाऊनला पिन लावून अडकवला. "आता श्वास सोडा. सोडलाय? मग हितं धरते." खालची पट्टी आधी, मग मधली, मग वरची. खालची जरा जास्त धरलेली, वरची सगळ्यांत सैल. शेवटी त्यांनी आपली दोन बोटं वरच्या कडेतून आत घातली, फिरवली आणि म्हणाल्या, "माझी बोटं हितं सुखानं बसली पायजेत. पट्टा धरायचा असतो, आवळायचा न्हाई."

मी कुशीवर वळले, पाय कॉटखाली सोडले, कोपरावर भार देऊन उठले. पोटाचा जोर न लावता असं उठायचं हे फिजिओथेरपिस्टनं आधी शिकवलं होतं, पण तोवर ते जमलं नव्हतं. त्या वेळी पहिल्यांदा जमलं. कुणीतरी मागून येऊन तळहातांनी पोट उचलून धरावं, तसं वाटलं. वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आले. खोकला आला तेव्हा पट्ट्यावरूनच उशी पोटाशी घट्ट धरली आणि खोकले. दुखलं, पण ते दुखणं सोसण्यासारखं होतं.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं, की हा पट्टा बांधला म्हणजे हर्निया परत होणार नाही ना? त्यांनी खरं ते सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जखम पट्ट्यानं भरत नाही, ती शरीर भरतं. परत हर्निया होणारच नाही अशी हमी पट्टा देत नाही. तो उठताना, चालताना, खोकताना होणारं दुखणं कमी करतो, आणि दुखणं कमी झालं की माणूस लवकर हिंडायला लागतो. हिंडलं की पायांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती कमी होते, छातीत कफ साचत नाही, पोट साफ व्हायला लागतं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं. टाके घातलेल्या जागेला तीन आठवड्यांनी जुन्या ताकदीच्या जेमतेम पाव भागाएवढी ताकद येते, आणि तीन महिन्यांनीही ती ऐंशी टक्क्यांच्या आसपासच पोचते. बाहेरून कातडी दहा-बारा दिवसांत जुळलेली दिसते, म्हणून आपण फसतो. २०१४ मध्ये मी चौथ्या आठवड्यात भरलेली कळशी उचलली होती. दहा लिटरची कळशी म्हणजे दहा किलो. हर्निया त्यामुळेच झाला असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण ती कळशी मला तेव्हापासून आठवत राहते.

पट्टा निवडताना माप महत्त्वाचं, तेवढीच त्याची उंचीही महत्त्वाची. याबद्दल आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझी उंची चार फूट अकरा इंच. बदलून आणायला गेले तेव्हा यांच्यासमोर दुकानदारानं दोन ठेवले, एक दहा इंच उंच आणि एक आठ इंच. मोठा तो चांगला असं वाटून हे दहा इंचीच घेणार होते, पण सिस्टरांनी फोनवर विचारलं की पेशंट बुटकी आहे का उंच. आखूड अंगाच्या बाईला उंच पट्टा बांधला की बसल्यावर तो वरून बरगड्यांत आणि खालून मांडीत घुसतो, मग दुमडतो, आणि दुमडलेली कडा टाक्यावर येते. माझा टाका बेंबीखाली, त्यामुळे आठ इंच पुरेसा होता. ज्यांचा छेद बेंबीच्या वर असतो त्यांना उंच लागत असेल, ते आपापल्या डॉक्टरांना विचारावं. आणि सूज आहे म्हणून एकदम एक्स्ट्रा लार्ज आणू नये. आठ-दहा दिवसांत सूज ओसरली की तो एवढा सैल होतो की टोकं पाठीपर्यंत जातात आणि धरच राहत नाही. लार्जमध्ये मी सूज होती तेव्हाही बसले आणि नंतर ३६ झाल्यावरही. साडेसहाशे रुपये पडले. पोट बारीक करायचे म्हणून जे घामाचे रबरी पट्टे मिळतात, त्यातला एक शेजारच्या वहिनींनी मायेनं घरी आणून दिला होता. तो मी तसाच परत दिला. त्यातून हवा जात नाही आणि ओल्या टाक्यावर घाम साचणं म्हणजे जंतूंना आमंत्रण.

पाचव्या दिवशी नळी काढली आणि घरी आले. मिरज ते आमचं गाव तासाभराचा रस्ता, त्यात गतिरोधक किती आहेत ते मला तोवर माहीत नव्हतं. पट्ट्यावर उशी आणि उशीवर दोन्ही हात, अशी मी मागच्या सीटवर बसले होते. द्राक्षांची काढणी सुरू झाली होती, रस्त्याकडेला क्रेटांनी भरलेले टेम्पो उभे होते.

घरी सासूबाईंनी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. त्यांचं वय तेव्हा ७८. "हे तर पोट बांधायचंच की," त्या म्हणाल्या. मुलगी झाली तेव्हा त्यांनीच माझं पोट बांधलं होतं. जुन्या नऊवारी लुगड्याची हातभर रुंद पट्टी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, तेल लावून शेकल्यावर निजवून गुंडाळायची. त्यांनीही निजवूनच बांधलं होतं आणि त्यांनीही खालून वर गुंडाळत नेलं होतं. पंचवीस वर्षांनी मला ते हात आठवले. बाळंतिणीचं पोट आणि जाळी बसवलेलं पोट यांत फरक आहे हे मी त्यांना समजावलं. शेक आणि तेल आता नाही म्हटल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या. मग आत गेल्या आणि ट्रंकेतून एक पातळ, पिवळसर झालेलं लुगडं घेऊन आल्या. "मग हे तरी आत घाल. ते रबर अंगाला लागू देऊ नको."

तो सल्ला सोन्यासारखा ठरला. पट्ट्याच्या आत आधी मी यांचं सुती बनियन घालत होते, पण बनियनची खालची शिवण कुशीला रुतायची. लुगड्याच्या तुकड्याला शिवण नव्हती. दीड हात रुंद असे सहा तुकडे केले, रोज दोन लागायचे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. पट्टा बांधताना तुकडा ताणून घ्यायचा, एकही चुणी राहू द्यायची नाही. चुणी राहिली की तिथे दुसऱ्या दिवशी लाल रेघ उमटायची. पट्टा काढला की आरशात दोन्ही कुशी आणि टाका बघायचा हे माझं सकाळ-संध्याकाळचं काम होतं. लाली पसरत असेल, टाक्यातून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, तर पट्टा बांधून झाकून ठेवायचं नाही, सरळ डॉक्टरांना दाखवायचं, असं घरी सोडतानाच बजावलं होतं.

बाराव्या दिवशी मला असंच घाबरायला झालं. टाक्याच्या खाली हाताला काहीतरी लिबलिबीत लागलं, पाण्याची पिशवी हलावी तसं. माझ्या मनात एकच आलं, जाळी सुटली. रात्रभर झोप नाही. सकाळी मिरज गाठली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, खोकायला सांगितलं, मग म्हणाले की हे पाणी साचलंय. जाळी बसवायला कातडीखाली जागा मोकळी करावी लागते, त्या जागेत शरीरातलं पाणी साचतं आणि बहुतेक वेळा आपोआप जिरतं. लगेच सुई घालून काढायला गेलं तर बाहेरचे जंतू आत, जाळीपर्यंत जायची भीती. मी त्या दिवसांत पट्ट्याला कंटाळून दुपारभर तो काढून बसायला लागले होते. तसं करू नका म्हणाले, उठबस करताना बांधलेलाच असू दे, त्या दाबाचा इथे उपयोग होतो. पुढच्या पाचेक आठवड्यांत ते पाणी जिरत जिरत गेलं.

पट्टा कधी काढायचा, हे मात्र प्रत्येकाला वेगळं सांगतात. मला सांगितलं होतं की उठाल, चालाल, प्रवास कराल तेव्हा बांधा, आणि झोपताना काढा. जेवताना वरची पट्टी मी सैल करायची. पोटभर जेवण बांधलेल्या पोटात जातच नाही, म्हणून अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, असं चार-पाच वेळा. शौचाला जाताना फार अडचण. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास. उकिडवं बसलं की खालची कडा जांघेत घुसायची आणि पोटावर जोर यायचा. यांनी महिन्याच्या भाड्यानं कमोडची खुर्ची आणली. तिची मला आधी लाज वाटली, पण त्या खुर्चीनं आणि रात्रीच्या दोन चमचे इसबगोलानं माझे टाके वाचवले असं मी मानते. कुंथायचं नाही हे डॉक्टरांनी पट्ट्यापेक्षाही जास्त वेळा सांगितलं होतं.

स्वयंपाकघरातून मला सहा आठवडे सुट्टी होती. ती फक्त भांडी उचलायला लागू नयेत म्हणून नव्हती. एकदा जाऊबाईंनी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि मी सोप्यात बसले असताना मला ठसका लागला. पट्टा सैल केलेला, उशी हाताशी नाही. चार-पाच ठसके आले तेवढ्यात घामानं भिजले. त्या दिवसापासून मिरच्या भाजायचं काम मागच्या अंगणात चुलीवर. घरात ऑपरेशनचं माणूस असेल तर फोडणीचा खाट त्याच्यापर्यंत पोचणार नाही एवढं घरच्यांनी बघावं. गॅसची टाकी सरकवायचीसुद्धा नाही हेही मी घरात मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. त्यात नुसता गॅसच १४.२ किलो असतो, टाकीचं वजन वेगळं.

साडीचा प्रश्न सातव्या आठवड्यात आला, शाळेत रुजू झाल्यावर. परकराची नाडी बरोबर टाक्याच्या वरच्या टोकावर येत होती. पट्ट्याखाली नाडी बांधली की तिची गाठ रुतायची. शेवटी परकर पट्ट्याच्या वरून बांधायला लागले, नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक घालून घेतलं आणि निऱ्या थोड्या डावीकडे खोचल्या. वेल्क्रोचे आकडे सुती साडीचा धागा धरून ओढायचे, त्यात दोन साड्यांचे पदर गेले. मग वेल्क्रोचं टोक अगदी काठाला काठ जुळवून लावायची सवय केली. आकड्यांची बाजू जराही उघडी राहू द्यायची नाही. धुतानाही तसंच, आधी वेल्क्रो बंद करायचा, मग गार पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत आडवा टाकायचा. उघडाच धुतला तर आकड्यांत धागे आणि केस भरतात आणि पकड जाते. इलॅस्टिक उन्हात आणि गरम पाण्यात मरतं.

मधल्या सुट्टीत ऑफिसात पट्टा सैल करताना त्याचा चर्रर आवाज दुसरीतल्या एका मुलीनं ऐकला. "बाई, तुमच्या पोटात काय वाजलं?" मी तिला जवळ बोलावून पट्ट्याचं टोक दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात भिंग घेऊन गेले आणि सगळ्यांना ते बारीक आकडे आणि समोरची मऊ वेटोळी दाखवली. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या इंजिनिअरला डोंगरात फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं बघून हे सुचलं, ते सांगितलं. मुलं दुपारी मैदानावरून चिकटणाऱ्या बियांनी भरलेल्या बाह्या घेऊन आली. एकीनं विचारलं, पोटाला लागलंय का. मी सांगितलं की ऑपरेशन झालंय, पोटात जाळी बसवलीय आणि ती पक्की होईपर्यंत हा पट्टा तिला सोबत करतोय. सात वर्षं जे पदराखाली ठेवलं होतं ते तीस मुलांना एका दमात सांगून मोकळी झाले. पुढचे पंधरा दिवस माझी पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी मला उचलू दिली नाही.

एप्रिलात ऊन वाढलं आणि पट्ट्याखाली घामोळं उठलं. तोवर तसेही तो कमी करायचे दिवस आले होते. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की कायम बांधून ठेवला तर स्नायू आळसावतात, आता त्यांना काम करू द्या. श्वास सोडत बेंबी अलगद पाठीकडे न्यायची, पाच मोजायचे, सोडायची. आधी निजून, मग बसून, मग ओट्याशी उभं राहून. पट्टा आधी घरात सुटला, मग शाळेत, शेवटी फक्त एसटीच्या प्रवासापुरता राहिला. पहिल्या दिवशी पट्ट्याशिवाय वर्गात उभी राहिले तेव्हा पोट उघडं पडल्यासारखं वाटत होतं. डावा हात पुन्हा पोटाशी गेला. मी तो खाली घेतला आणि खडू धरला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांचंही तसंच, जुन्या टाक्यातला हर्निया, याच महिन्यात ऑपरेशन. दुकानात काय मागायचं ते मी कागदावर लिहून दिलं. लार्ज आणू का एक्स्ट्रा लार्ज, असं त्यांनी विचारलं. अंदाजानं नको, म्हटलं, आणि शिलाईची टेप काढली. आतल्या खोलीत दार लावून त्यांनी पदर बाजूला केला. टेप बेंबीवर टेकली आणि त्यांचं पोट आत गेलं, खांदे वर आले.

"सोडा," मी म्हटलं. "इथे मीच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेप तशीच धरून थांबले. दोन-तीन श्वास गेले, मग पोट हळूहळू सैल झालं आणि टेपवर आलं. चाळीस इंच. कागदावर आकडा लिहिला आणि त्याच्याखाली लिहिलं, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणे, निजवून बांधणे.